आधी दार, मग मशीन

(सकाळ. एका खोलीचं घर. शर्ट शिवायच्या कारखान्यात मागच्या दारावर दरवान असलेला दादा, तिथंच शिवणकाम करणारी त्याची बायको आणि त्याची धाकटी बहीण चिमी. निघायची घाई.)

दादा : एकच दिवस म्हणतोय मी. एक दिवस नाही ढकललंस तर दार काय रुसणार आहे?

वहिनी : दार नाही रुसणार, मी रुसेन. डबा घ्या. झाकण घट्ट लावलंय.

दादा : डब्याचं राहू दे. मी काय बोलतोय?

वहिनी : ऐकतेय की. काल घरी आल्यापासून तेच ऐकतेय.

चिमी : वहिनी, ऐक ना गं त्याचं. आजचा दिवस फक्त. चहासुद्धा तसाच राहिलाय माझा.

दादा : काल मॅनेजरसाहेबांनी बोलावून घेतलं मला. टेबलासमोर उभं केलं. म्हणाले, तुझ्या बायकोला आवर. असं तोंडावर.

वहिनी : मग? तुम्ही काय म्हणालात?

दादा : काय म्हणणार? हो साहेब म्हणालो.

वहिनी : झालं तर. मी घर आवरते, तुम्ही मला आवरा. कामं वाटून घेतली म्हणजे बरं.

दादा : थट्टा सुचतेय हिला! अगं, आज मोठ्या गिऱ्हाइकाची माणसं यायचीयत कारखाना बघायला. दोन दिवस झाडझूड चाललीय. आणि त्यांच्यासमोर तू जाऊन दार ढकलणार आणि ओरडणार, "बंद आहे!" मग तुझ्या मागून ती काजेवाली. मग कॉलरवाली. मग इस्त्रीवाली. अर्धा हॉल रांग लावून उभा! गिऱ्हाईक विचारणार, हे काय चाललंय? साहेब काय सांगणार?

वहिनी : खरं ते सांगायचं. दार बंद आहे, म्हणून बायका बंद आहे म्हणतायत. आणि मी ओरडत नाही. सांगते.

चिमी : सांगतेस, पण पार पुढच्या टोकाला ऐकू जातं गं.

वहिनी : जायलाच पाहिजे.

दादा : आधी दार, मग मशीन! ही कुठली शिस्त काढलीस तू? तुला ठाऊक आहे ना मी बाहेर गल्लीत उभा असतो? रोज सकाळी आतून धप्प. परत धप्प. परत धप्प. दारावर नाही, माझ्या छातीवर पडतात ते हात.

वहिनी : मग उघडा की. किल्ली तुमच्याच खिशात असते.

दादा : किल्ली माझी, हुकूम साहेबांचा. त्यांना फोन करून विचारल्याशिवाय कुलपाला हात लावायचा नाही. त्या दारानं शर्ट बाहेर जातात म्हणे.

वहिनी : शर्ट जाऊ नयेत म्हणून आम्हाला कोंडायचं. छान. उद्या उंदीर झाले म्हणून घर पेटवा.

दादा : मला नको सांगूस. मी हुकमाचा ताबेदार.

वहिनी : तुम्हाला नाही सांगत. दाराला सांगते. ते तरी ऐकतं.

चिमी : वहिनी, तिघांच्या नोकऱ्या एकाच ठिकाणी आहेत गं. तू गेलीस की दादा जाणार, दादा गेला की मी. या खोलीचं भाडं कोण भरणार? माझ्या डोळ्यांपुढं नुसतं ते येतं, आपण तिघं रस्त्यावर, हातात गाठोडी. तुला काहीच कशी भीती वाटत नाही?

वहिनी : मला?

चिमी : हो. तू तर वाघीण आहेस बाई.

वहिनी : चिमे, गेटातून आत शिरताना मला परत फिरावंसं वाटतं. रोज. आज इतकी वर्षं झाली. आपल्या हॉलमध्ये सगळ्यात भित्री कोण असेल तर मी.

चिमी : चल, काहीतरीच.

वहिनी : माझी ताई दुसऱ्या एका कारखान्याच्या आगीत गेली, ते तुला ठाऊक आहे.

चिमी : हो. एवढंच ठाऊक आहे.

वहिनी : कुठं सापडली ते नाही ठाऊक.

दादा : सकाळी सकाळी कशाला आता ते...

वहिनी : दारापाशी सापडली. ताईला दार कुठं आहे ते माहीत होतं. सगळ्यात आधी पोचली ती तिथं. दार बंद असतं, हे माहीत नव्हतं तिला. कुणालाच नव्हतं. कुणी कधी ढकलूनच बघितलं नव्हतं गं, इतकी वर्षं. सगळ्यांना वाटायचं, दार आहे ना, मग उघडत असेल.

चिमी : म्हणून तू रोज ढकलतेस?

वहिनी : मला भीती वाटते ना, तेव्हा नुसतं बसवत नाही. काहीतरी करावं लागतं. मग मी दार ढकलते. एक दिवस ते उघडणार. कुठला दिवस ते मला कुणी सांगितलेलं नाही, म्हणून रोज जायचं. यात वाघीण कसली आलीय?

दादा : आणि कधीच नाही उघडलं तर?

वहिनी : तर निदान ते बंद आहे हे कुणाला नवीन नसेल. काजेवाली तीन महिने हसली मला. दारवाली म्हणून हाक मारायची. आता माझ्या आधी जाऊन ढकलते. हे घडलंच ना? ते काय आपोआप घडलं?

दादा : आज नको गं. पाया पडतो तुझ्या. आज नको.

वहिनी : पाया कसले पडताय, चपला घाला. उशीर होईल.

* * *

वहिनी : अगं बाई! हे काय? हे गठ्ठे कुणी रचले इथं?

चिमी : हळू बोल. पाहुण्यांना पुढचा हॉल मोकळा दिसायला पाहिजे, म्हणून काल सगळं कापड मागं आणून टाकलंय. बघ ना, दार दिसतसुद्धा नाही. चल बाई, बरंच झालं. दारच दिसत नाही तर ढकलणार काय? देवानंच सोडवलं आपल्याला. चल, मशिनवर बस.

वहिनी : त्या टोकाला धर.

चिमी : काय?

वहिनी : गठ्ठा. त्या टोकाला धर, मला एकटीला उचलत नाही.

चिमी : वहिनी! सुपरवायझर तिथं उभाय. आपल्याकडेच बघतोय.

वहिनी : बघू दे. बघण्याचाच पगार आहे त्याला.

चिमी : मला नाही बाई. मी नाही धरणार.

वहिनी : बरं, नको धरूस. बाजूला हो तेवढी.

चिमी : अगं, ती काजेवाली येतेय. कॉलरवालीपण. अहो बायांनो, तुम्ही कशाला येताय, तो बघतोय ना! इस्त्रीवाली, तू तरी... अरे देवा. सगळ्याच लागल्या उचलायला.

वहिनी : नीट भिंतीला लावून ठेवा गं. पाडापाडी नको, मोडतोड नको. एक बाई आरामात जाईल एवढी वाट पुरे. चिमे, सुपरवायझर येतोय. त्याला सांग, पाहुणे यायचे म्हणून झाडून घेतोय.

चिमी : मी सांगू? मी?

वहिनी : मग काय गठ्ठा सांगेल?

चिमी : सर... ते... झाडून घेतायत त्या. पाहुणे येणार म्हणून. हो सर. लगेच, लगेच बसतो सर... गेला. वहिनी, गेला गं. जाताना काय म्हणाला माहितीय? तुझ्या दारवालीला म्हणावं, आजचा शेवटचा दिवस.

वहिनी : असेल. सरक. बंद आहे!

दादा : अगं हळू! दार मोडशील. मी इथंच उभाय, कानठळ्या बसल्या.

वहिनी : तुम्ही आहात होय? बरं झालं. उन्हात उभे राहू नका, सावलीला सरका.

दादा : सांगून सांगून थकलो. तुझ्यापुढं हात टेकले मी.

वहिनी : ऐकलंत का सगळ्यांनी? बंद आहे! चिमे, तू लाव ना एकदा हात. काही होत नाही. लोखंडी पत्रा आहे, चावत नाही.

चिमी : उद्या. उद्या नक्की लावते.

वहिनी : तुझं रोज उद्याच असतं.

चिमी : असू दे. चल, भोंगा झाला.

* * *

दादा : कोण आहे? कोण ढकलतंय? ही काय वेळ आहे का? सकाळचं झालं ना तुमचं?

वहिनी : अहो, उघडा.

दादा : तू? आता काय नवीन काढलंस? पाहुणे पलीकडच्या इमारतीत साहेबांच्या केबिनमध्ये बसलेत, आणि तू...

वहिनी : आग लागलीय. पुढच्या दाराशी. इस्त्रीच्या टेबलामागं ठिणगी उडाली, तयार शर्टांचा ढीग पेटलाय. पुढून बाहेर पडता येत नाही. उघडा.

दादा : काय?

चिमी : दादा, उघड रे! धूर येतोय, काही दिसत नाही, माझे डोळे... दादा!

दादा : थांबा. थांबा हं. घाबरू नका. मी फोन लावतो.

वहिनी : अहो, फोन कसला लावताय?

दादा : विचारलं पाहिजे ना. एक मिनिट फक्त. वाजतोय... उचलत नाहीत. परत लावतो.

चिमी : दादा, त्यांना कशाला विचारतोस, आम्ही आत आहोत ना!

वहिनी : मागं ढकलू नका गं कुणी! भिंतीला हात लावून या. गठ्ठ्यांच्या कडेकडेनं. रोज येतो तशाच या, एकीच्या मागं एक. पदर, ओढणी, जे असेल ते नाकाला धरा. काजेवाली, तुझ्या मागची कुठंय? तिचा हात धर.

दादा : वाजतोय, पण उचलतच नाहीत. पाहुण्यांसमोर फोन घेत नाहीत ते. मी पुढं पळत जाऊन विचारून येऊ का? लगेच येतो, हा गेलो आणि...

वहिनी : अहो.

दादा : तिघांची नोकरी आहे गं! काल बजावलंय त्यांनी, न विचारता उघडलंस तर चोरीचा आळ तुझ्यावर घेईन. मी काय करू? मला काही सुचत नाही, काय करू मी?

वहिनी : अहो, ऐकताय का? मी दारापाशी आहे.

दादा : काय म्हणालीस?

वहिनी : दारापाशी आहे मी.

दादा : नको. असं नको बोलूस. काढली. किल्ली काढली. हा बघ, उघडतो.

चिमी : लवकर रे दादा, लवकर!

दादा : फिरत नाही. किल्ली फिरतच नाही! कधी उघडलंच नाही हे कुलूप, नुसता गंज चढलाय आत. अरे फिर ना मेल्या! फिर!

वहिनी : जोर लावू नका, मोडेल आत.

दादा : बसतेय पण फिरत नाहीये.

चिमी : तेल! वहिनी, माझ्याकडे तेल आहे. मशिनला घालत होते ना, तेव्हाच ओरडा झाला. कुपी हातातच राहिली माझ्या. ही बघ. पण देऊ कशी? दाराखाली बोटभरसुद्धा फट नाही.

वहिनी : चिंधी भिजव.

चिमी : हो. हो, चिंधी. ही घे, भिजली, पार भिजली. दादा, खाली बघ. दाराखाली. सरकवतेय. दिसली का? ओढ!

दादा : दिसली. ओढली. आली.

चिमी : कुलपाच्या तोंडावर पीळ ती. किल्लीलाही चोपड. नुसती पुसू नकोस, पीळ. तेल आत उतरू दे. आणि एकदम नको फिरवूस, थोडी इकडं, थोडी तिकडं. मशिनचं चाक अडकलं की करतो तसं.

दादा : इकडं... तिकडं... हलली. चिमे, जरा हलली!

चिमी : अजून पीळ.

वहिनी : इस्त्रीवाली खाली बसली का कुणी बघा गं! तिला उठवा. उठवा तिला, झालंच आता. बोलत राहा सगळ्या, आपापलं नाव सांगा, म्हणजे कोण कुठंय कळेल.

दादा : निघालं! निघालं कुलूप! दार तुमच्या अंगावर येणार नाही, बाहेर उघडतं. ढकला!

चिमी : ढकल गं वहिनी! आई गं... उजेड. उजेड दिसला!

वहिनी : उघडं आहे! ऐका गं सगळ्यांनी, उघडं आहे! आवाजाच्या दिशेनं या! उघडं आहे!

चिमी : वहिनी, तू बाहेर ये ना. पुढं हो.

वहिनी : तू हो. मी बाहेर गेले तर मागच्यांना आवाज कुणाचा ऐकू येणार? उघडं आहे! इकडं, इकडं या! उघडं आहे!

दादा : चिमे, हात दे. आधी तू बाहेर पड. अगं, तू पण ये ना! किती वेळ आत उभी राहणार आहेस? ऐकतेस का?

वहिनी : शेवटची आली की येते. उघडं आहे!

* * *

चिमी : बोलू नकोस म्हणून डॉक्टरांनी चारदा सांगितलंय ना वहिनी? मग ओठ कशाला हलवतेस? काय हवंय ते हातानं सांग. पाणी? नाही? डबा? हां, डबा भरलाय.

दादा : धूर पार आतपर्यंत गेलाय म्हणाले डॉक्टर. महिनाभर तरी आवाज फुटायचा नाही. घरात इतकं शांत कधी नव्हतं. मला सवयच नाही गं. कुणीतरी टोमणा मारा बाबा.

चिमी : कारखाना आजपासून सुरू करतायत. पुढची भिंत रंगवलीसुद्धा. कुणी मेलं नाही, म्हणून कुणाला काही वाटतच नाही बघ. इस्त्रीवालीचा हात भाजला, तिचं तिनंच निस्तरायचं. आणि याला काढून टाकलं. कशासाठी? तर न विचारता उघडलंस!

दादा : पाहुणे धावत आले, त्यांच्यासमोर बायका रडत, खोकत गल्लीत बाहेर पडल्या. शोभा झाली म्हणे. साहेब म्हणाले, फोन का नाही केलास? म्हटलं, केला होता. तर म्हणाले, परत करायचा.

चिमी : आणि दारापुढचे गठ्ठे कुणी हलवले, त्याची चौकशी होणार आहे. तोवर आपल्या दोघींना कामावर यायला सांगितलंय. सुपरवायझरनं काल फोनवर विचारलं मला. गठ्ठे हलवले नसते तर आम्ही त्या गठ्ठ्यांवरच... जाऊ दे. झोपेत दचकून उठते मी.

दादा : दारावर नवा दरवान ठेवलाय. कुलूपही नवं. मी काल संध्याकाळी जाऊन बघून आलो.

चिमी : तू कशाला गेलास तिथं?

दादा : पाय गेले. दार होतं तसंच. बंद. नवंकोरं कुलूप, हे एवढं.

चिमी : म्हणजे सगळं परत तसंच? एवढं होऊनसुद्धा?

दादा : तसंच. चिमे, तू थांब जरा. अगं, तू ऐक, मी तुला काय सांगतो. आज आत गेल्यावर आधी दार... असं काय बघतेस माझ्याकडे? हो, मीच सांगतोय. पाया पडून नको म्हणत होतो, तोच मी. मारायचाय तो टोमणा मनातल्या मनात मार. त्या दिवशी अवेळी धप्प झालं ना, मी पळत दाराशी आलो. का आलो? रोज ऐकून ऐकून त्या आवाजाची वेळ माझ्या अंगात बसली होती. रोज ढकललं नसतंत तर मला वाटलं असतं, काहीतरी पडलं असेल आत. मी सावलीतून उठलोही नसतो. तुझ्या त्या धप्प धप्पला मी किती नावं ठेवली गं. चुकलो मी.

चिमी : रडू नकोस रे दादा. वहिनी पण रडायला लागली बघ.

दादा : आज आधी दार ढकल. विसरू नकोस.

चिमी : ढकलेल ती. पण सांगणार कशी? आवाज कुठंय तिला? नुसतं ढकलून काय उपयोग, ऐकू जायला पाहिजे ना पार पुढच्या टोकाला. काजेवाली माहेरी गेलीय, इस्त्रीवाली घरी, कॉलरवालीचा नवरा तिला पाठवत नाही म्हणे... काय? काय झालं? दोघं माझ्याकडे का बघताय?

दादा : कुठं बघतोय?

चिमी : माझ्याकडे बघू नका हं कुणी. मी सांगून ठेवते. मला नाही बाई जमायचं ते.

* * *

दादा : कोण ढकलतंय? कोण आहे आत?

चिमी : दादा? तू तिथं काय करतोयस? तुला बघितलं तर पोलीस बोलावतील ना!

दादा : चिमे? तू ढकललंस?

चिमी : हो. मीच. पत्रा किती गार आहे रे हा. मला वाटलं होतं, अजून गरम असेल.

दादा : आणि मघाशी ते ओरडलं कोण? बंद आहे म्हणून? मी गल्लीच्या तोंडाशी होतो, तिथवर आलं ऐकू.

चिमी : मीच. आवाज चिरकला माझा. दोनदा म्हणावं लागलं. पहिल्यांदा नुसतीच वाफ निघाली तोंडातून. वहिनीनं पाठीवर हात ठेवला, मग निघाला आवाज.

दादा : बरं झालं. आता जा, मशिनवर बस. भोंगा होऊन गेला ना? मग मशिनींचा आवाज कसा येत नाही अजून? वीज गेलीय का?

चिमी : वीज आहे.

दादा : मग?

चिमी : कुणी बसलंच नाही. मी बंद आहे म्हटलं आणि मशिनकडे जायला वळले. तर वाटच नाही. सगळ्या माझ्या मागं उभ्या. रोज यायच्या त्यांतल्या ज्या आज कामावर आहेत त्या तर आल्याच, ज्या कधी आल्या नव्हत्या त्यापण. कॉलरवालीही आलीय, नवऱ्याशी भांडून. मी म्हटलं, चला, झालं, बसा. तर कुणी हलेना. मी काही केलेलं नाही हं दादा! मी कुणाला उभं राहा म्हटलेलं नाही.

दादा : सुपरवायझर कुठंय?

चिमी : मघापासून ओरडत होता, बसा, बसा म्हणून. एकीचं नाव घेतलं, दुसरीचं घेतलं. मग मला विचारलं, तुम्हाला पाहिजे तरी काय? सगळ्या माझ्याकडेच बघायला लागल्या. मी तरी काय सांगणार? म्हटलं, सर, दार उघडलं की बसतो. तो आता फोन लावतोय कुणालातरी, पण तिकडून उचलत नाहीत वाटतं.

दादा : नवा दरवानही नाही इथं. मी आलो तेव्हा तो धावतच पुढं गेला. किल्ली घेऊनच गेला.

चिमी : तुझ्याकडे...?

दादा : माझ्याकडे कुठली आता किल्ली, वेडे. नुसता उभाय मी.

चिमी : मग उभाच राहा. जाऊ नकोस. वहिनी हातानं विचारतेय, तुम्ही उन्हात उभे आहात का म्हणून.

दादा : सावलीत आहे म्हणावं. चिमे, कुणीतरी येतंय.

चिमी : कोण? साहेब?

दादा : दिसत नाही अजून. वळणापलीकडे आहे. किल्ल्यांचा जुडगा वाजतोय.

चिमी : उघडायला येतायत की तुला हाकलायला?

दादा : काय ठाऊक बाई. एकटा नाही वाटतं, दोघं-तिघं आहेत. तू मागं हो. दारापासून मागं हो जरा.

चिमी : मागं व्हायला जागाच नाहीये, सगळ्या उभ्या आहेत. धावत येतायत की चालत?

दादा : चालत. सावकाश चाललेत.

चिमी : येऊ देत. अजून कुणी बसलेली नाही.